जोडवाडीचे खाजाभाई

‘सरासरी’ हा शब्द कानावर पडला की खाजाभाई शेख यांचा डावा कान लाल व्हायचा. उजवा नाही, डावाच. जिल्हा दूध संघाच्या त्या लांबट, पत्र्याच्या ऑफिसात माझं टेबल नेमकं त्यांच्या डाव्या अंगाला होतं, त्यामुळे आता काहीतरी होणार हे सगळ्यांच्या आधी मला कळायचं. मी मशीनवरचे हात काढून घ्यायची आणि ऐकायला बसायची.

मी त्या ऑफिसात टायपिस्ट होते. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडून जिनं आम्हाला जगवलं त्या आईची मी थोरली लेक. मॅट्रिक झाले, टायपिंगची परीक्षा दिली आणि वाशीहून उस्मानाबादला आले. ऑफिसात मला ‘गायकवाडबाई’ म्हणणारे दोन-तीनच लोक होते. बाकीचे ‘ओ टायपिस्ट’ म्हणायचे. खाजाभाई पहिल्या दिवसापासून ‘बाई’ म्हणत, आणि तेही शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं.

त्यांचं पद होतं सांख्यिकी सहायक. गावोगावच्या दूध संस्थांकडून येणारे आकडे गोळा करायचे आणि दर महिन्याला त्याचा तक्ता करून वर द्यायचा, एवढंच काम. माणूस अंगानं काटकुळा, उंची बेताची, पांढरा पायजमा, वर बुशशर्ट आणि खिशात एकच पेन्सिल, एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं निळी. कान मात्र एवढे मोठे, की ते दुसऱ्या कुणासाठी बनवून चुकून ह्यांना लावले असावेत. त्यांचे वडील भूमकडच्या जत्रांमध्ये कुस्त्यांच्या जोड्या लावायचे. पैलवान समोर आला की त्याचा दंड दाबायचा, मान बघायची, खांद्याला धरून जरा उचलल्यासारखं करायचं, आणि गर्दीतून त्याच्या तोलाचा दुसरा शोधून हात हातात द्यायचा. पन्नास गावांत त्यांनी लावलेल्या जोडीवर कुणी बोट ठेवलं नाही, असं खाजाभाई अभिमानानं सांगत. स्वतः ते आयुष्यात आखाड्यात उतरले नव्हते. पण वडिलांचा धंदा त्यांच्या डोक्यात पुरता मुरलेला होता. कुणी कुणाला नावं ठेवायला लागलं, की पेन्सिल टेबलावर आपटून ते म्हणायचे, “आधी जोड बघा, मग बोला.”

त्यांचं ते सरासरीचं वैर मी पहिल्यांदा पाहिलं ते पावसाच्या अहवालावरून. त्या वर्षी तुळजापूर-उमरग्याकडं बरा पाऊस झाला होता आणि भूम-परंड्याकडं ढेकूळसुद्धा भिजलं नव्हतं. आमचे व्यवस्थापक, ज्यांना सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणत, त्यांनी अहवालात मजकूर सांगितला : जिल्ह्यातील सरासरी पर्जन्यमान समाधानकारक. मी टाइप करत होते. शेजारचा कान लाल झाला. खाजाभाई उठले, माठातून एक ग्लास काठोकाठ भरला, दुसरा रिकामाच घेतला. भरलेला साहेबांपुढे ठेवला आणि रिकामा दगडू शिपायाच्या हातात दिला.

“साहेब, प्या,” ते म्हणाले.

साहेबांना वाटलं, काहीतरी मानाचं चाललंय. प्यायले.

“दगडू, भागली का तुझी तहान?”

“कशानं भागंल? ह्यात तर कायच न्हाय,” दगडू म्हणाला.

“असं कसं? दोघांत मिळून एक ग्लास गेला. सरासरी अर्धा-अर्धा. समाधानकारक हाय.”

दगडूला हसू आवरेना, साहेबांना ठसका आवरेना. अहवालातलं वाक्य मात्र तसंच राहिलं. साहेबांनी खाजाभाईंना आपल्या केबिनमध्ये बोलावून जे काय सुनावलं ते पत्र्याच्या भिंतीतून आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. बाहेर येऊन खाजाभाई शांतपणे खुर्चीवर बसले. “जोड चुकली,” ते मला म्हणाले. “साहेबाला तहानच न्हवती.”

दुसरा प्रसंग माझ्यावरचा. माझं मशीन संघाच्या स्थापनेच्याही आधीचं, कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतून आणलेलं. ‘र’ची कळ दाबली की काडी वर जायची ती परत यायची नाही. प्रत्येक ‘र’ला मी बोटानं काडी खाली ओढायची. दूध संघाच्या कागदपत्रात ‘र’ किती असतात ते ज्यानं टाइप केलंय त्यालाच ठाऊक. लिटर, जनावर, खरेदी, ठराव. तर वरच्या ऑफिसातून तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं माझा वेग घड्याळ लावून मोजला आणि शेरा मारला, ‘टंकलेखनाचा वेग सरासरीपेक्षा कमी.’ मी नोकरीत कायम व्हायची होते. तो शेरा राहिला असता तर वाशीची गाडी धरून घरी.

मी रडले बिडले नाही, पण जेवणाचा डबा तसाच बंद करून ठेवला. खाजाभाईंनी तो बघितला. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातल्या ज्या कुणाला टाइप करता येत होतं त्या सगळ्यांना, अगदी त्या तपासणी अधिकाऱ्याच्या सोबत आलेल्या तरबेज टायपिस्टलासुद्धा, माझ्या मशीनवर बसवलं. एकच परिच्छेद, एकच घड्याळ. तो तरबेज गडी तिसऱ्या ‘र’ला शिव्या द्यायला लागला. खाजाभाईंनी सगळ्यांचे वेग ओळीनं लिहिले आणि खाली लाल पेन्सिलीनं टीप लिहिली, ‘ह्या मशीनवर ह्या बाईंची जोड सापडली नाही.’ तो कागद त्यांनी माझ्या नोकरीच्या फायलीत स्वतः लावला, टाचणी मारून. मी कायम झाले. ह्या गोष्टीला किती वर्षं झाली, पण आजही माझ्याबद्दल कुणी एवढं चांगलं काही लिहिलेलं नाही, आणि ते मला तोंडानं कधी सांगता आलं नाही ह्याची मला लाज वाटते.

घरीही त्यांचं हेच. मी एकदा त्यांच्याकडं ईदला गेले होते. फातिमाभाभींनी वाढलेलं वांगं तोंडात घातलं आणि खाजाभाई म्हणाले, “घरात तेल किती हाय ते बघता, अख्ख्या गल्लीत ह्या भाजीची जोड न्हाय.” भाभींनी वर न बघता उत्तर दिलं, “जोड नंतर बघा. आधी तेल आणा.”

त्यांचा एक पुतण्या कुठल्यातरी विद्यापीठात शिकत होता. त्यानं कधीतरी सायक्लोस्टाइल केलेला एक इंग्रजी लेख पाठवला. ‘डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस’ असं त्या पद्धतीचं नाव. खाजाभाईंनी डिक्शनरी घेऊन तो दोन महिने वाचला. जेवणाच्या सुटीत वाचायचे, एस.टी.त वाचायचे, गणित आलं की मान हलवायचे. आणि एक दिवस सकाळी आल्या आल्या माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, “बाई, अमेरिकेत कुणीतरी आमच्या अब्बाचा धंदा करतंय.”

मग त्यांनी मला ते समजावून सांगितलं, आणि मला समजलं, म्हणजे कुणालाही समजेल. जुन्या नोटीस बोर्डाची फळी त्यांनी टेबलावर आडवी घातली, तिच्यावर आलेखाचा कागद लावला. एक लिटर दूध काढायला गावाला किती कडबा लागतो ते आडव्या रेघेवर. तेवढ्याच दुधाला किती जनावरं लागतात ते उभ्या रेघेवर. मग प्रत्येक गावाची एक टाचणी. चाळीसेक गावं, चाळीसेक टाचण्या. जी टाचणी खालच्या डाव्या कोपऱ्याच्या जवळ, ते गाव कमीत कमी घेऊन तेवढंच दूध देणारं.

“आता बघा,” ते म्हणाले, आणि भाभींच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा काढून त्यांनी कोपऱ्याच्या बाजूनं सगळ्यांत पुढच्या टाचण्यांना ताणून बांधला. चार-पाच टाचण्या दोऱ्यावर आल्या, बाकीच्या मागं राहिल्या. “हा वेढा. एन्व्हलप म्हणजे नुसतं पाकीट न्हाय, वेढा. दोऱ्यावरच्या गावांना शिकवायला जिल्ह्यात कुणी न्हाय. मागच्यांना हाय. पण कुणी शिकवायचं? पयला नंबर आलेल्यानं? न्हाय. ज्याचं त्याच्या तोलाच्यानं.”

संघाची रीत ह्याच्या उलटी होती. संघ एकच गोष्ट मोजायचा : जनावरामागं किती लिटर. त्याची सरासरी काढायची, आणि तिच्या खाली असेल ते गाव ‘अकार्यक्षम’. त्या वर्षी पाऊस पुन्हा गेला होता आणि संघाला दुधाच्या ट्रकच्या फेऱ्या कमी करायच्या होत्या. अकार्यक्षम गावांची संकलन केंद्रं बंद करायचं घाटत होतं. यादीत सर्वांत खाली होतं भूमकडचं खडकमाळ. तिथं दुसरं काही नव्हतंच. ट्रक रोज सकाळी येतो म्हणून लोकांनी जनावरं दावणीला ठेवली होती, आणि जनावरं होती म्हणून माणसं गावात होती. ट्रक बंद झाला की जनावरं बाजारात आणि माणसं ऊसतोडीला, हे तिथल्या पोरासोरांनाही कळत होतं.

आणि खाजाभाईंच्या फळीवर खडकमाळची टाचणी दोऱ्यावर होती. जनावरं जास्त लागत होती खरी, पण कडबा एवढा कमी, की तेवढ्या वैरणीत तेवढं दूध काढणारं गाव जिल्ह्यात दुसरं नव्हतं. दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आंबेतळे, तलावाखालचं हिरवं गाव. तिथं जनावरं थोडी, वैरण भरपूर. आणि दोऱ्याच्या मागं, चांगलं चार बोटं मागं, शिवपिंपरी. शिवपिंपरी हे संघाच्या अध्यक्षांचं, म्हणजे दादासाहेबांचं गाव. सरासरीच्या वर असल्यामुळं दर वर्षी त्याचं कौतुक व्हायचं.

“शिवपिंपरीची जोड कोण?” मी विचारलं.

खाजाभाईंनी कोपऱ्यापासून शिवपिंपरीच्या टाचणीपर्यंत पट्टी धरली. पट्टी दोऱ्याला जिथं छेदत होती तिथं टाचणीच नव्हती. एका बाजूला खडकमाळ, दुसऱ्या बाजूला आंबेतळे, मधे नुसता दोरा.

“इथं गाव न्हाय,” मी म्हणाले.

“न्हाय तर वसवू.” त्यांनी तिथं एक टाचणी टोचली. “अर्धं खडकमाळ, अर्धं आंबेतळे. ह्या गावाला शिवपिंपरीपेक्षा जनावरंबी कमी लागत्यात अन् कडबाबी कमी. अन् दूध तेवढंच. नाव काय ठिवायचं?”

“जोडवाडी,” मी म्हणाले. बारसं माझ्याच तोंडून झालं, हे मी लपवणार नाही.

पुढची चूक पण माझीच. खाजाभाईंनी तक्ता लिहून दिला. खरी गावं निळ्यानं, जोडवाडी लालनं, आणि खाली टीप, ‘लाल नावाचे गाव काल्पनिक, केवळ तुलनेसाठी.’ आमच्या रिबिनीची वरची पट्टी काळी आणि खालची लाल असायची. लाल पट्टी वाळून गेली होती आणि नवी रिबीन मागूनही मिळाली नव्हती. मी सगळंच काळ्यात टाइप केलं. गावं अकारविल्हे लावायची सवय, म्हणून जोडवाडी आपली जळकेवाडीच्या खाली जाऊन बसली. टीप ज्या पानावर होती ते पान संचालकांच्या प्रती लावताना मागंच राहिलं. खाजाभाई तेव्हा आठवडाभर परंड्याकडं गावं मोजत फिरत होते.

संचालकांच्या बैठकीत दादासाहेबांनी तक्ता वाचला. शिवपिंपरीपेक्षा कमी जनावरं, कमी वैरण आणि दूध तेवढंच असलेलं एक गाव त्यांना दिसलं.

“ही जोडवाडी कुणाच्या भागात?” त्यांनी विचारलं.

आता, आपल्या जिल्ह्यातलं गाव माहीत नाही असं कुठला संचालक म्हणेल? कळंबचे म्हणाले, भूमकडं असेल. भूमचे म्हणाले, परंड्याच्या शिवेवर हाय बहुतेक. परंड्याचे म्हणाले, “छोटं हाय, पर माणसं मेहनती.” मी बैठकीचं इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात बसले होते. माझ्या हातातली पेन्सिल पुढं जाईना. तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. जोडवाडीच्या सचिवांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा, असा ठराव एकमतानं मंजूर झाला.

मारुती ड्रायव्हर जीप घेऊन सचिवांना आमंत्रण द्यायला निघाला. दोन दिवस हिंडला. भूमच्या एस.टी. स्टँडवर विचारलं, वाशीच्या बाजारात विचारलं. एका हॉटेलवाल्यानं तर छातीठोकपणे सांगितलं, “जोडवाडी व्हय? आत्ताच गेली की यष्टी तिकडं.” तिसऱ्या दिवशी मारुती धुळीनं माखून परत आला आणि साहेबांपुढे उभा राहून म्हणाला, “साहेब, गाव हाय. पर रस्ता न्हाय.”

खाजाभाई परतले तेव्हा मी त्यांना गाठलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते खुर्चीत बसले आणि एवढे हसले, की दगडू पाणी घेऊन धावला. मग डोळे पुसून म्हणाले, “सत्कार ठरलाय न्हवं? मग होऊ द्या.”

“अहो पण कुणाचा?”

“त्याचा बंदोबस्त मी करतो.”

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं होतं. टेबलावर शाल, नारळ, हार. खाजाभाई फळी काखेत मारून आले आणि त्यांच्या मागून दोन माणसं. एक आंबेतळ्याचे सचिव विठ्ठलराव, इस्त्रीचं धोतर, हातात छत्री. दुसऱ्या खडकमाळच्या सचिव चंद्रभागाबाई, चौथी शिकलेल्या, नवरा वारल्यावर केंद्राचं रजिस्टर त्यांनीच धरलं होतं. पायांना भेगा आणि डोक्यावरचा पदर घट्ट. दोघांना खाजाभाईंनी एकाच बाकावर शेजारी-शेजारी बसवलं.

“जोडवाडीचे सचिव कोण?” दादासाहेबांनी विचारलं.

“हे दोघं,” खाजाभाई म्हणाले. “अर्धे हे, अर्ध्या ह्या.”

मग त्यांनी फळी उभी केली आणि दोरा दाखवला. मला समजावलं होतं तसंच, एकेक टाचणी दाखवत. सभागृहात सुरुवातीला हसण्याचा आवाज होता, मग तो कमी कमी होत गेला. मागच्या रांगेतले शेतकरी उठून पुढं आले. त्यांना आलेख कळला नसेल, जोड कळली होती. एकानं चंद्रभागाबाईंना विचारलं, “एवढ्या वैरणीत भागवता कसं तुमी?”

बाई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “आमी कडबा कुऱ्हाडीनं बारीक तोडताव. मिठाचं पाणी शिंपडताव. रातभर पोत्याखाली झाकून ठिवताव. जनावर चिपाड टाकत न्हाय मग. आमच्यात टाकून द्यायला हायच काय?”

विठ्ठलराव शेजारी बसून मान डोलवत होते. “आम्ही निम्मं पायाखालीच घालतो,” ते आपण होऊन बोलून गेले.

खाजाभाई दादासाहेबांकडं वळले. दोन्ही कान लाल झाले होते. “साहेब, संघाच्या यादीत ह्या बाईचं गाव अकार्यक्षम हाय. ज्यांच्या दावणीला निम्मी वैरण पायाखाली जाते ती गावं सरासरीच्या वर. ही बेइन्साफी हाय. आखाड्यात असं केलं असतं तर लोकांनी अब्बाला हाकलून दिलं असतं. खडकमाळ बंद करायचं तर आधी शिवपिंपरी बंद करा. त्यांना शिकायला हितं यावं लागंल, ह्या बाईकडं.”

दादासाहेब वाईट माणूस नव्हते. पण ज्या गावात त्यांच्या नावाची कमान होती त्या गावाला सगळ्यांदेखत एका वाडीवरच्या बाईकडं शिकायला पाठवणं त्यांना झेपलं नाही.

“खाजाभाई,” ते हळू बोलले, “तुम्ही ज्या गावाचं दूध सांगताय, ते गाव दाखवा मला.”

“गाव खोटं हाय साहेब. त्याचं दूध खरं हाय.”

शाल कुणालाच मिळाली नाही. चंद्रभागाबाई जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “ह्या भाऊला सांभाळा. लई खरं बोलतंय.”

आठ दिवसांनी साहेबांनी एक दाखला तयार करायला सांगितला : ‘खालील संकलन केंद्रे सांख्यिकीदृष्ट्या अकार्यक्षम असल्याचे प्रमाणित करण्यात येते.’ खाली खडकमाळसह सहा गावं आणि सांख्यिकी सहायकाची सही. तेवढी सही झाली की कुणाला विचारायला जागा राहणार नव्हती. मी तो टाइप केला आणि खाजाभाईंपुढे ठेवला. त्यांनी वाचला. निळ्या बाजूनं खडकमाळभोवती गोल केला, आणि सहीच्या जागी लिहिलं, ‘मी मोजले ते असे नाही.’

साहेबांनी दुसरी प्रत करायला लावली. तिच्यावरही तेच. तिसऱ्या प्रतीला साहेब स्वतः टेबलापाशी आले. “खाजाभाई, दोन वर्षं राहिलीत तुमची. कशाला?”

“म्हणून तर,” खाजाभाई म्हणाले. “दोन वर्षांसाठी कोण खोटी जोड लावंल?”

त्यांना निलंबित केलं. कारण लिहिलं होतं, ‘अस्तित्वात नसलेल्या गावाची आकडेवारी सादर करून संचालक मंडळाची दिशाभूल केल्याबद्दल.’ हा आदेशही माझ्याच मशीनवर आला. ‘दिशाभूल’ शब्दापर्यंत मी गेले आणि उठले. खाजाभाई ड्रॉवर आवरत होते. मी म्हणाले, “मी साहेबांना सांगते. रिबिनीचं सांगते. टीप माझ्यामुळं राहिली.”

“बसा,” ते म्हणाले. मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. “टीप असती तरी त्यांनी दुसरं काहीतरी हुडकलं असतं. तुमी सांगितलं तर एकाच्या जागी दोघं घरी जातील, अन् खडकमाळचा ट्रक काय चालू हुणार न्हाय. हिसाब बघा ना, बाई. टाइप करा.”

मी टाइप केलं. त्यांनी प्रत घेतली, एक चूक काढून दाखवली, ती दुरुस्त करून घेतली आणि मग गेले. दाखल्यावर साहेबांनी स्वतः सही केली. खडकमाळचा ट्रक बंद झाला.

त्यानंतर मी खाजाभाईंना एकदाच पाहिलं. मावशीच्या घरी लग्न होतं म्हणून मी वाशीहून सकाळच्या एस.टी.नं भूमला निघाले होते. खडकमाळचा फाटा यायच्या जरा आधी गाडी थांबली. पुढं संघाचा दुधाचा ट्रक उभा होता आणि रस्ता अडला होता. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मी खिडकीतून मान बाहेर काढली.

ट्रकच्या पुढं, रस्त्याच्या बरोबर मधोमध, खाजाभाई उभे होते. रस्त्याकडेला खडकमाळचे दुधाचे कॅन ओळीनं लावलेले, मागं पंधरा-वीस बाया-बाप्ये. माळावरून डोक्यावर घेऊन एवढ्या लांब चालत आले होते. चंद्रभागाबाईंच्या काखेत रजिस्टर होतं.

“ओ, बाजूला व्हा!” ट्रकचा ड्रायव्हर ओरडला. “यादीत नाव न्हाय ह्यांचं.”

“मग लिही,” खाजाभाई म्हणाले.

“मला अधिकार न्हाय. नोकरी जाईल माझी.”

“माझी गेली की. मेलो का मी?”

आमच्या गाडीतले लोक वैतागले होते. कुणाला बाजार गाठायचा होता, कुणाला कोर्टाची तारीख होती. दोघं-तिघं खिडकीतून शिव्या द्यायला लागले. खाजाभाई तिथूनच गाडीकडं वळले आणि हात जोडत ओरडले, “आठ दिवस झाले, ह्या लोकांचं दूध नासतंय! पाच मिनिटं द्या!”

गाडीत कुजबुज झाली. मग आमचा कंडक्टर खाली उतरला, तिकिटांची पेटी पाठीवर सरकवली आणि पहिल्या कॅनचा एक कान धरला. दुसरा एका पागोटेवाल्यानं धरला. मग ट्रकच्या ड्रायव्हरनं शर्टाच्या खिशातून यादी काढली, स्टेअरिंगवर ठेवली आणि तिच्यावर लिहायला लागला.

मी उतरले नाही. मी संघाची नोकर होते, साडी लग्नाची होती, कुणी ओळखेल असं वाटलं, ही सगळी कारणं मी त्या पाच मिनिटांत स्वतःला सांगितली. आज त्यातलं एकही मला पटत नाही. उतरून निदान एका कॅनला हात लावायला हवा होता.

शेवटचा कॅन चढला, ट्रकचा मागचा फाळका लागला. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं आणि बाजूला व्हायची खूण केली. खाजाभाई हलले नाहीत. त्यांनी वर हात केला.

“यादी वाच,” ते म्हणाले.

ड्रायव्हरनं चिडून वाचली. एकेक गाव, मोठ्यानं, इंजिनाच्या आवाजावर. शेवटी त्यानं खडकमाळ म्हटलं. खाजाभाईंनी मागं वळून त्या बाया-बाप्यांकडं पाहिलं, त्यांनी ऐकलं ना ह्याची खात्री केली, आणि मगच रस्ता सोडला.